एफ-टाइप घ्यायची आहे? आधी इमारतीचा उतार मोजा

माझा मावसभाऊ एका रविवारी सकाळी वही घेऊन घरी आला. डोंबिवली एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. वीस वर्षं राबल्यावर आता त्याला एकदा तरी जॅग्वार एफ-टाइप घ्यायची होती, जुनी का होईना. वहीत तीन रकाने आखलेले: चार सिलिंडरची, सहा सिलिंडरची आणि आठ सिलिंडरची. प्रत्येकाखाली अश्वशक्ती, शून्य ते शंभरला लागणारे सेकंद, कमाल वेग आणि मालकाने सांगितलेली किंमत. "दादा, यातली कुठली घेऊ?" मी म्हटलं, "वही राहू दे. मोजपट्टी घे आणि तुझ्या सोसायटीत चल."

पुढचे तीन महिने आम्ही ज्या क्रमाने गाड्या ताडल्या, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाने अशी गाडी निवडताना इंजिनापासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. इंजिनाची पाळी चौथी येते.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत हवी. एफ-टाइप २०१३ मध्ये बाजारात आली आणि २०२४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्यामुळे आज मिळेल ती वापरलेलीच. जॅग्वार २००८ पासून टाटा समूहाकडे आहे, पुण्याजवळ कंपनीचा जुळणी कारखानाही आहे, म्हणून आपल्याकडे अनेकांना वाटतं की ही गाडी इथलीच. तशी ती नाही. एफ-टाइप बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच कारखान्यात बनली, जिथे दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानं बनत होती. भारतात ती पूर्ण तयार होऊनच आली. त्यामुळे बंपरपासून सेन्सरपर्यंत बरेचसे भाग बाहेरून मागवावे लागतात, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की आठवडेच्या आठवडे उभी राहू शकते. घरात ही एकच गाडी असणार असेल, तर एफ-टाइपचा विचार सध्या बाजूला ठेवा. शिवाय तिला दोनच सीट आहेत. आईला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर दुसरी गाडी लागेलच.

पहिलं काम: तुमची जागा मोजा

एफ-टाइपची लांबी ४.४७ मीटर, म्हणजे साध्या सेडानएवढीच. अडचण रुंदीची आहे. आरसे सोडून १.९२ मीटर, आरसे धरून २.०४ मीटर. दोनच दरवाजे असल्यामुळे ते लांब आहेत आणि उघडायला बाजूला चांगली मोकळी जागा लागते. दोन खांबांच्या मधलं पार्किंग असेल, तर गाडी आत जाईल पण तुम्ही बाहेर येणार नाही. स्टॅक किंवा पझल पार्किंग असेल, तर पॅलेटच्या दोन कडांमधलं अंतर मोजा, यंत्रावर लावलेल्या पाटीवर किती वजन चालतं ते वाचा आणि पॅलेटच्या तोंडाशी असलेला लोखंडी उंचवटा पाहा. गाडीचं नाक बहुधा तिथेच घासतं.

त्यानंतर बेसमेंटचा उतार. गवंडी प्लॅस्टर सरळ करायला वापरतात ती ॲल्युमिनियमची दहा फुटी पट्टी आम्ही मागून आणली. एफ-टाइपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.६२ मीटर आहे. पट्टीवर बरोबर तेवढ्या अंतरावर दोन खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेखाली लाकडाचा दहा सेंटीमीटर उंचीचा ठोकळा बांधला. ठोकळे म्हणजे चाकं आणि पट्टी म्हणजे गाडीचा तळ. मग दोघांनी दोन टोकं धरून ती पट्टी उतारावरून गाडीसारखी पुढे पुढे सरकवत नेली. उतार संपून सपाट जमीन सुरू होते त्या खालच्या कोपऱ्यात काही त्रास झाला नाही. वरच्या तोंडाशी, जिथे पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून सोसायटीने सिमेंटचा उंबरा घातला आहे, तिथे पट्टीचा मधला भाग खट्कन टेकला. मावसभाऊ उकिडवा बसून बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला. कमिटीशी बोलून, स्वतःच्या खर्चाने, त्याने तो उंबरा तीन फूट लांब आणि निमुळता करून घेतला. हे सगळं गाडी बघायला जाण्याआधी.

दहा सेंटीमीटर हा आम्ही धरलेला सावध आकडा. गाडी प्रत्यक्ष समोर आली की तिच्या तळाचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे ते स्वतः मोजा, दोन माणसं आत बसवून मोजा आणि ठोकळे तेवढे करा. पुढच्या चाकापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतरही मोजा. चढ सुरू होतो तिथे पहिला मार नाकालाच बसतो.

दुसरं: तुमचा रस्ता

ही पट्टी गतिरोधकांवरही चालते, आणि तिथे एक हिशोब समजून घेण्यासारखा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच पण ३.७ मीटर लांब असतो. एफ-टाइपच्या चाकांमधलं अंतर त्याहून कमी आहे, म्हणजे चारही चाकं एकाच वेळी उंचवट्यावर येतात आणि पोटाखाली फुगवटा जेमतेम पाच सेंटीमीटर उरतो. गाडी आरामात जाते. आपल्या गल्लीत रातोरात घातलेला गतिरोधक मात्र उंचीला तेवढाच आणि लांबीला दीड-दोन फूट असतो. पुढची चाकं त्यावरून खाली उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि सगळी उंची पोटाला लागते. म्हणून घर ते मुख्य रस्ता एवढ्या टप्प्यातले गतिरोधक मोजा आणि प्रत्येकाची लांबी पाहा.

मग टायर. ही तुलना मावसभावाच्या वहीत कुठेच नव्हती आणि मला ती अश्वशक्तीपेक्षा मोठी वाटते. टायरच्या बाजूवर आकडे असतात. २५५/३५ आर २० म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर आणि बाजूच्या रबराची उंची तिच्या ३५ टक्के, म्हणजे ८९ मिलिमीटर. हेच १८ इंची रिंगवर २४५/४५ असेल तर रबर ११० मिलिमीटर मिळतं. हा दोन सेंटीमीटरचा फरक घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांच्या कडेने जाताना, कल्याण-शीळ रोडवर पॅच मारलेल्या जागी आणि चौकाचौकात खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर कळतो. रबर कमी असलं की खड्ड्याचा मार थेट रिंगला लागतो; रिंग वाकते किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. तेव्हा दोन गाड्या बाकी सारख्या असतील तर लहान रिंगची घ्या. दिसायला २० इंची रिंग अधिक रुबाबदार आहे हे मान्य. पण हा रुबाब जून ते सप्टेंबर फार महाग पडतो.

चांगला रस्ताही आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे, म्हणजे आपल्याला घराजवळच मोकळा रस्ता मिळाला. पण तिथेही कमाल वेगमर्यादा ताशी १२० आहे. २.० लिटरची गाडी हा वेग सहज गाठते आणि ५७५ अश्वशक्तीच्या गाडीलाही तिथेच थांबावं लागतं.

तिसरं: फाइल

गाडी बघण्याआधी कागद मागवा. आरसीचा फोटो आला की वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, हे पाहा. चॅसिस नंबर एस-ए-जे या तीन अक्षरांनी सुरू व्हायला हवा. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसणारा नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षरशः जुळवा. तो नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून झालेल्या कामांची नोंद आणि राहिलेले रिकॉल विचारा. गाडी अधिकृत विक्रेत्यामार्फत आलेली नसून कुणी वैयक्तिक आयात केलेली असेल, तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

एमएच-०४ म्हणजे ठाणे, एमएच-०५ म्हणजे कल्याण. महाराष्ट्राचं पासिंग असलेली गाडी काहीशी महाग वाटली तरी हिशोब पूर्ण करून बघा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणायची आणि इथे गाडीच्या वयानुसार एकरकमी कर भरायचा. या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागायचा तो त्या राज्याकडे, आणि त्याची वाट बघायची. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज फिटलेलं असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५, परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघा.

फाइलमध्ये मी आधी बिलांच्या तारखा पाहतो. दोन बिलांमध्ये अडीच वर्षांचं अंतर आणि त्या काळात गाडी फक्त आठशे किलोमीटर चालली असेल, तर ती उभी होती. उभी राहिलेली स्पोर्ट्स कार कमी चाललेली म्हणून चांगली, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. उभ्या गाडीचे टायर कडक होतात, बॅटरी मरते, रबरी सील वाळतात. टायरवर चार आकडी तारीख असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २२१८ म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. सात वर्षांचा टायर, नक्षी कितीही खोल असली तरी, समृद्धीवर न्यायचा नाही.

चौथं: आता इंजिन

भारतात एफ-टाइप तीन प्रकारच्या इंजिनांत सापडते. सगळ्यांना आठ गिअरचा ऑटोमॅटिक.

२.० लिटर, चार सिलिंडर, टर्बो, ३०० अश्वशक्ती. ही आपल्याकडे २०१८ पासूनची. शून्य ते शंभर ५.७ सेकंदांत. व्ही-६ गाडीपेक्षा ती ५२ किलोने हलकी आहे आणि ते वजन बहुतेक नाकाकडचं कमी झालं आहे. गायमुखच्या वळणांवर गाडी ज्या सहजतेने वळते त्यात हे जाणवतं. आवाज मात्र तेवढा भरीव नाही. ज्याला रोज कपूरबावडीचा सिग्नल पार करायचा आहे आणि महिन्यातून दोनदा कसाऱ्याकडे जायचं आहे, त्याला हिच्यात काहीही कमी पडणार नाही.

३.० लिटर, व्ही-६, सुपरचार्जर, ३४० किंवा ३८० अश्वशक्ती. माझं मन हिच्यावर आहे. हे इंजिन मुळात व्ही-८ च्याच साच्यातलं, दोन सिलिंडर कमी केलेलं. खालच्या वेगातही दाब तयार असतो, त्यामुळे मुंब्रा बायपासच्या चढावर पाय नुसता टेकवला तरी गाडी ओढते. २०२० च्या बदलानंतर भारतात व्ही-६ आली नाही, म्हणजे बारीक हेडलाइटच्या नव्या चेहऱ्याची गाडी हवी असेल तर हे इंजिन विसरा.

५.० लिटर, व्ही-८, सुपरचार्जर. सुरुवातीच्या एस मध्ये ४९५ अश्वशक्ती, नंतरच्या आर मध्ये ५५०, नव्या चेहऱ्याच्या गाडीत ४५० किंवा ५७५. ५७५ वाली शंभर गाठते ३.७ सेकंदांत. २.० लिटरपेक्षा दोन सेकंद आधी, आणि त्या दोन सेकंदांसाठी टायर, ब्रेक, पेट्रोल, विमा सगळंच वरच्या दराने मोजायचं. ज्याच्याकडे आधीच दोन गाड्या आणि ऐसपैस, झाकलेली जागा आहे, त्याने जरूर घ्यावी. इतरांना मी ती सुचवत नाही.

व्ही-६ आणि व्ही-८ दोन्हींची एक ओळखीची दुखरी नस आहे: कूलंटचे प्लॅस्टिकचे पाइप. इंजिनाच्या उष्णतेने ते ठिसूळ होतात आणि तडकतात. त्यातले काही सुपरचार्जरच्या खाली असल्यामुळे बदलायला सुपरचार्जर उतरवावा लागतो, म्हणजे पाइपपेक्षा मजुरी जड. ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास तापणाऱ्या आपल्या भागात हे लवकर होतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: "कूलंटचे पाइप बदललेत का? बिल आहे का?" बिल असेल तर गाडीची किंमत थोडी जास्त दिली तरी चालेल. नसेल तर तो खर्च आधीच किमतीतून वजा करून बोला.

कूपे की उघड्या टपाची? इथल्या पावसात, धुळीत आणि झाडाखालच्या पार्किंगमध्ये कूपे. उघड्या टपाची घ्यायचीच असेल तर टप दहा वेळा उघडून मिटवून बघा. तो बारा सेकंदांत उघडायला हवा आणि मिटताना कुठेही अडखळता कामा नये. डिकीही कूपेपेक्षा बरीच लहान आहे.

पाण्याचा माग

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, तो दिवस कल्याणपासून पुढच्या कुणाला विसरता येणार नाही. उल्हास आणि वालधुनीच्या काठी त्या वर्षी किती बेसमेंट भरले! असं पाणी प्यायलेल्या गाड्या पॉलिश होऊन पुढे कुणाच्या तरी दारात येतात. आम्ही पाहिलेली दुसरी गाडी, काळी व्ही-८, बाहेरून आरशासारखी होती. एफ-टाइपची बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी असते. मी तिथलं कार्पेट उचललं, बॅटरीच्या खोबणीत बोट फिरवलं आणि बोटाला बारीक, राखाडी, सुकलेला गाळ लागला. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट आडवी रेघ होती. आम्ही मालकाचे आभार मानून निघालो. एवढ्या दोन जागा आणि सीटच्या रुळांचे बोल्ट बघायला पाच मिनिटं लागतात. मालक कार्पेट उचलू देत नसेल, तर ते पुरेसं उत्तर आहे.

थंड इंजिन, मग ट्रॅफिक, मग मोकळा रस्ता

ट्रायलच्या दिवशी मालकाला सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवून बघा. इंजिन गार असताना पहिल्यांदा सुरू होतानाचा आवाज लपवता येत नाही. पुढच्या बाजूने खडखड येत असेल तर सुपरचार्जरचा कपलर किंवा चेन, दोन्ही खर्चिक. कूलंटच्या टाकीची पातळी मोबाइलवर टिपून ठेवा. दरवाजांच्या बाहेर येणाऱ्या मुठी दोन्हीकडे चार-चार वेळा चालवा, मागचा स्पॉयलर बटणाने वर-खाली करा.

मग मुद्दाम गर्दीत शिरा. एसी चालू ठेवून संध्याकाळी माजिवड्याहून निघा, साकेत पूल ओलांडा, खारेगावच्या रांगेत अर्धा तास रखडा. ही परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तापमानाचा काटा सरकता कामा नये, गोडसर वास येता कामा नये, गिअर बदलताना धक्का लागता कामा नये. पुढे मानकोली ओलांडल्यावर रस्ता मोकळा होईल तिथे ब्रेक जोरात लावून बघा. स्टीअरिंग एका बाजूला ओढता कामा नये. परत आल्यावर दहा मिनिटांनी गाडीखाली कोरा कागद सरकवा आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर पुन्हा कूलंटची पातळी पाहा. गरम असताना टाकीचं झाकण कधीही उघडू नका.

यानंतरही गाडी आवडली तर ती लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून, तुम्ही निवडलेल्या मेकॅनिककडून तपासून घ्या. मालकाने सुचवलेला नको. सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा मागा. कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात आणि विम्याच्या वेळीही नडतात.

पैशाचं

विमा घेताना झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही विचारा. पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी गेलं, तर साध्या विम्यात ते नुकसान बहुधा मिळत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुमचा होत नाही, तो मालकाबरोबर जातो. विक्रेता तो दाखवून हप्ता कमी सांगत असेल तर फसू नका. पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचं लागतं, आणि आता बहुतेक पंपांवर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं आहे. म्हणून इंधनाच्या झाकणाच्या आतल्या लेबलवर किती इथेनॉल चालतं ते वाचा आणि त्याप्रमाणे पंप ठरवा.

थांबावं का, असंही अनेक जण विचारतात, कारण २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करार झाला आणि तिथल्या मोटारींवरचं शंभर टक्क्यांहून जास्त असलेलं आयात शुल्क, ठरावीक संख्येपुरतं, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर यायचं आहे. ॲस्टन मार्टिन किंवा मॅक्लरेन नवी घेणाऱ्याला याने फरक पडेल. एफ-टाइप आता बनतच नाही, तेव्हा तिच्यासाठी थांबून उपयोग नाही. हां, किमतीची घासाघीस करताना मालकाला या कराराची आठवण करून द्यायला हरकत नाही.

मावसभावाने पाचवी पाहिलेली गाडी घेतली. एमएच-०४ पासिंग, व्ही-६, कूपे, १९ इंची रिंगा, पाइप बदलल्याचं बिल फाइलमध्ये. घरी आणली त्या रात्री साडेअकराला, रस्ता रिकामा असताना, मी बेसमेंटच्या तोंडाशी टॉर्च घेऊन पालथा पडलो होतो आणि तो चालण्याच्या वेगाने उंबऱ्यावरून गाडी उतरवत होता. "किती आहे दादा?" "दोन बोटं. ये, सावकाश ये." आता त्याने पार्किंगमध्ये प्लग पॉइंट घेतला आहे, आठवडाभर गाडी निघणार नसेल तर बॅटरीला चार्जर लावून ठेवतो, आणि फ्लॅटबेडवाल्याचा नंबर चावीच्या जुडग्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर आहे.